आरामसायकल मी का सोडली?



घरातली आरामखुर्ची डोळ्यांसमोर आणा. तिच्यात आजोबा मागे रेलून, पाय पुढे पसरून वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. आता कल्पनेनेच त्या खुर्चीखाली पुढे एक आणि मागे एक चाक बसवा. पुढच्या चाकाच्याही पुढे जाईल अशी एक नळी काढा, नळीच्या टोकाला पायडले लावा आणि आजोबांना निघू द्या. जे वाहन तयार होईल त्याला इंग्रजीत 'रिकंबंट' म्हणतात. मराठीत तिला रूढ नाव नाही. आरामखुर्चीवरून आपण या लेखापुरते तिला 'आरामसायकल' म्हणू.

नोकरीनिमित्त नेदरलंड्समध्ये राहत असताना २००९ साली मी अशी एक जुनी सायकल विकत घेतली. कचेरी घरापासून १४ किलोमीटरांवर. तो देश तळहातासारखा सपाट, पण समुद्रावरून येणारा वारा असा की चढ नसल्याची सारी भरपाई तो एकटाच करतो. आठ वर्षे मी ती सायकल चालवली आणि २०१७ साली सोडून दिली. सायकलीत काहीही बिघाड नव्हता. दुखत होते ते माझे गुडघे आणि तळपाय. असे का व्हावे हे शोधताना शाळेत शिकलेला बलांचा समांतरभुज चौकोन मला पुन्हा काढावा लागला. तोच आज आपण मिळून काढू.

आधी या सायकलीची थोडी हकिकत. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा एक कारागीर होता. त्याने आपल्या मुलासाठी पायडलांवर चालणारी चार चाकांची छोटी गाडी बनवली. ती लोकांना आवडली, म्हणून त्याने मोठ्या माणसांसाठीही तशा गाड्या केल्या. त्यांना तो 'वेलोकार' म्हणे. पुढे अशी गाडी जणू मधोमध चिरून त्याने दोन चाकांची वेलोकार तयार केली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रांसीस फोर या सायकलपटूने तिच्यावर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. त्यापूर्वीचा ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम ऑस्कर एग याच्या नावावर १९१४ पासून होता. एकोणीस वर्षे भल्याभल्यांना जो मोडता आला नाही तो विक्रम फोरने मोडला, आणि फोर काही पहिल्या फळीतला सायकलपटू नव्हता! मग वाद सुरू झाला : विक्रम माणसाचा की यंत्राचा? सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ साली सायकलीची नवी व्याख्या केली आणि आरामसायकल अधिकृत शर्यतींतून बाहेर गेली. पण तिची प्रगती थांबली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात टॉड रायकर्ट या कॅनडाच्या सायकलपटूने सर्व बाजूंनी कवच घातलेली आरामसायकल, केवळ पायांच्या शक्तीवर, ताशी १४४ किलोमीटर वेगाने पळवली.

एवढा वेग येतो कुठून? सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू म्हणजे हवा. हवेचा रोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. शिवाय ही शक्ती स्वाराच्या 'परिणामी क्षेत्रफळा'वर अवलंबून असते. समोरून दिसणाऱ्या शरीराचे क्षेत्रफळ आणि त्याच्या आकाराचा बोजडपणा या दोहोंचा गुणाकार म्हणजे हे परिणामी क्षेत्रफळ. साध्या सायकलीवर ताठ बसलेल्या माणसासाठी ते ०.५५ चौरस मीटर धरा आणि आरामसायकलीवर रेललेल्या माणसासाठी ०.३० धरा. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर. आता

शक्ती = ½ × घनता × परिणामी क्षेत्रफळ × (वेग)³

या सूत्रात आकडे घालून पाहा. साध्या सायकलीला सुमारे ११० वॅट लागतात आणि आरामसायकलीला सुमारे ६० वॅट. (चाकांचे घर्षण यात धरलेले नाही.) जवळजवळ निम्म्यावर काम झाले. शिवाय मनगटांवर भार नाही, मान वाकडी नाही, बैठक चेपत नाही. मीही हाच हिशेब मांडला आणि सायकल घरी आणली. हिशेब बरोबर होता, फक्त तो हवेचा होता. माझ्या गुडघ्याचा हिशेब मी मांडलाच नव्हता.

पहिली दोन वर्षे मजेत गेली. तिसऱ्या वर्षी उजव्या गुडघ्याच्या पुढच्या भागात, वाटीच्या मागे कुठेतरी, खोल ठणका लागू लागला. जिना उतरताना तो अधिक जाणवे. मग आणखी एक तक्रार सुरू झाली. सायकल चालवायला लागून वीसेक मिनिटे झाली की चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होई, आणि मग बोटे बधिर होत. उतरून बूट काढून चार पावले चालले की सारे शांत. दोन वेगळी दुखणी, म्हणून दोन वेगळी कारणे असणार, असे धरून मी एक वही घातली. तारीख, वारा, गिअर, आणि कितव्या मिनिटाला दुखू लागले, अशी नोंद रोज करायची.

गुडघ्यापासून सुरुवात करू. एक प्रयोग घरी करा. पाठ नसलेल्या हलक्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसा, दोन्ही तळपाय भिंतीला लावा आणि हळूच ढकला. स्टूल मागे सरकेल. (जवळ कोणाला तरी उभे करा, नाहीतर कोलांटी व्हायची!) आता दाराच्या चौकटीत जमिनीवर बसा. पाठ एका बाजूला टेका, तळपाय समोरच्या बाजूला लावा आणि ढकला. आता काहीच सरकत नाही. जेवढे बल तुम्ही पायांनी लावाल तेवढेच बल मागची चौकट तुमच्या पाठीला लावते. हा न्यूटनचा तिसरा नियम.

साधी सायकल बरीचशी स्टुलासारखी असते. साठ किलोच्या माणसाने फार जोर केला की तो सीटवरून उचलला जातो. हँडल ओढून धरले नाही, तर साठ किलोपेक्षा अधिक भार त्याला पायडलावर टाकताच येत नाही. त्याचे वजन हीच त्याची मर्यादा. आरामसायकल ही दाराची चौकट आहे. पाठीमागे टेकू असल्याने वजनाची मर्यादा उरत नाही. स्नायू देतील तेवढे बल पायडलावर जाते. कालव्यावरचे पूल चढताना, वाऱ्याच्या तोंडावर, मी जड गिअर लावून पाठ रेटून पायडल दाबत असे आणि आपल्या ताकदीचे मला मोठे कौतुक वाटे.

तेवढीच शक्ती कमी बलात काढता येते. ती कशी ते पाहा. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर आहे आणि तुम्ही १५० वॅट शक्ती लावत आहात असे समजा. मिनिटाला ६० फेरे मारले तर पायडलाचा वेग सेकंदाला १.०७ मीटर होतो. शक्ती भागिले वेग म्हणजे बल. ते सरासरी १४० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलो वजनाइतके येते. हलका गिअर लावून मिनिटाला ९० फेरे मारले तर तेच बल ९४ न्यूटनवर उतरते. शक्ती तीच, वेग तोच, पण प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर एक-तृतीयांश भार कमी. ९० फेऱ्यांनी तासाभरात प्रत्येक गुडघा ५,४०० वेळा वाकतो हे लक्षात घेतले की या फरकाचे मोल कळेल.

पण बल किती, एवढाच प्रश्न नाही. गुडघा किती वाकला असताना ते लावले, हेही पाहावे लागते. गुडघ्याची वाटी ही एका प्रकारची कप्पी आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट पांढरी दोरी, वरून येऊन वाटीला मिळते आणि वाटीखालून नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. पाय सरळ असताना वरचा ताण आणि खालचा ताण एका रेषेत, एकमेकांविरुद्ध असतात. गुडघा वाकला की त्या दोन ताणांमध्ये कोन तयार होतो आणि त्यांचे परिणामी बल वाटीला मांडीच्या हाडावर दाबते.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीन स्प्रिंगकाटे मिळाले तर हे प्रत्यक्ष मोजता येईल. दोरीच्या दोन टोकांना दोन काटे लावा, तिसरा मध्ये अडकवून आडवा ओढा आणि टोकांचे काटे प्रत्येकी १ किलो दाखवतील असे धरा. दोरी सरळ रेषेपासून २० अंश वाकली असेल तर मधला काटा सुमारे ०.३५ किलो दाखवील. ६० अंश वाकली असेल तर बरोबर १ किलो, आणि ९० अंशांना १.४ किलो. समांतरभुज चौकोन काढून उत्तरे ताडून पाहा. खरा गुडघा इतका सरळसाधा नाही. वाटी मांडीच्या हाडावरून घसरते, आणि वरचा व खालचा ताण अगदी समान नसतो. शिवाय गुडघा जितका वाकलेला तितका तेच पायडल दाबायला स्नायूला मुळातच अधिक ताण द्यावा लागतो. म्हणजे वाकलेल्या गुडघ्यावर दुहेरी भार पडतो.

वाटीच्या मागच्या बाजूला कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. शरीरातल्या सगळ्या सांध्यांत हे अस्तर इथेच सर्वांत जाड, काही मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. स्पंजासारखे ते दाबले जाते आणि सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात सांध्यातल्या द्रवातून त्याचे पोषण होते. म्हणून सांध्याला हालचाल हवीच. पण त्यात मज्जातंतूही नाहीत, आणि ही गोष्ट मला फार महाग पडली. कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे आवरण, आजूबाजूच्या कंडरा. ठणका सुरू होतो तेव्हा कूर्चेने पुष्कळ सोसून झालेले असू शकते.

आता माझी सायकल तपासू. आरामसायकलीत सीट वरखाली होत नाही. पुढची नळी आत-बाहेर सरकवून पायांना जागा द्यायची असते. नळी आखूड राहिली तर गुडघा पुरता उघडतच नाही आणि वाटीवर दाब पडतो. दुखणे पुढच्या बाजूला. नळी फार लांब झाली तर पाय ताणला जातो. दुखणे गुडघ्याच्या मागे. मी नळी दीड सेंटिमीटर बाहेर काढली. (साखळी वरून जाते आणि खालून येते, म्हणून तिला तीन सेंटिमीटर जास्त लागले, साधारण दोन-तीन कड्या.) पण त्याच आठवड्यात मी नवे बूटही घेतले. गुडघ्याला थोडे बरे वाटले, पण गुण नळीचा की बुटांचा, हे वहीतून काही केल्या निघेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विज्ञानाच्या पहिल्या पाठातले सूत्र मी विसरलो होतो. तीन महिन्यांच्या नोंदी वाया गेल्या.

पुढचा बदल मी एकटाच केला. १७० मिलिमीटरच्या जागी १५५ मिलिमीटरचे क्रँक लावले. कागदावर भूमिती अशी : पायाला सर्वांत दूरचे अंतर पूर्वीइतकेच ठेवायचे तर नळी आणखी १५ मिलिमीटर बाहेर काढावी लागते. मग पायडल सर्वांत जवळ येते तेव्हाचे अंतर १५ अधिक १५, म्हणजे ३० मिलिमीटरने वाढते. गुडघा पूर्वीपेक्षा बराच कमी दुमडतो. महिन्याभरात गुडघ्याचा ठणका निम्म्याने उतरला. मी खूष झालो. पण वहीत दुसरी गोष्ट दिसू लागली : तळपायाची आग विसाव्या मिनिटाऐवजी पंधराव्यालाच सुरू होत होती.

असे का? तरफ आखूड झाली. तेवढीच शक्ती तेवढ्याच फेऱ्यांत काढायची तर बल १७० ला १५५ ने भागून येईल तितक्या पटीने, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. गुडघ्याचा कोन सुधारला आणि त्याची किंमत पायाने मोजली. दुखण्याची बदली झाली म्हणायचे!

आता या आगीचे मूळ पाहू. एक हात डोक्यावर सरळ वर धरा, दुसरा खाली सोडा. मिनिटभराने दोन्ही हात समोर आणा. वरचा हात फिका, त्याच्या शिरा बसलेल्या. खालचा तांबूस, शिरा फुगलेल्या. रक्त हा द्रव आहे आणि द्रवाच्या स्तंभाचा दाब त्यालाही लागू आहे. पारा रक्ताहून सुमारे १३ पट जड, म्हणून १३ सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ १ सेंटिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. साध्या सायकलीवर पाय हृदयाच्या सुमारे एक मीटर खाली असतात. हृदयापाशी धमनीतला सरासरी दाब ९५ मिलिमीटर धरला तर पायात तो १७० च्या घरात जातो. आरामसायकलीवर पायडले उंच असतात. माझे पाय जवळजवळ हृदयाच्याच पातळीवर होते, म्हणजे दाब ९५ च्या आसपास.

पलंगावर आडवे पडतो तेव्हाही पायात एवढाच दाब असतो आणि आपले काही बिघडत नाही. पण पलंगावर पडून कोणी चवड्याने पायडल दाबत नाही. बागेतल्या रबरी नळीतून पाणी जोरात येत असेल तर तिच्यावर पाय ठेवला तरी थोडे पाणी वाहते. नळाचा दाब कमी असेल तर तेवढ्यानेच नळी चेपून बंद होते. चवड्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे तसेच होते. त्यात बोटांकडे जाणारे मज्जातंतू पायाच्या लांब हाडांच्या टोकांमधून जातात, आणि अरुंद बुटात ते चिमटले जातात. शिवाय साध्या सायकलीवर पाय आपल्या वजनाने पायडलावर बसतो. इथे तो खाली पडू पाहतो आणि पिंढरी त्याला सतत धरून ठेवते. ज्यांचे पाय पायडलाला अडकवलेले नसतात त्यांचा पाय निसटून जमिनीवर पडण्याची भीती असते. तीनचाकी आरामसायकलीवर तर गाडी स्वतःच्याच पायावर जाऊ शकते. म्हणून पाय अडकवणे सक्तीचे समजावे.

रुंद बूट, कडक तळ, पायडलाचा अडकवा चवड्यापासून टाचेकडे एक सेंटिमीटर मागे, हलके गिअर, असे एकेक करून पाहिले. आग सुरू होण्याची वेळ पंधरा मिनिटांवरून चाळीसपर्यंत गेली. माझा प्रवास ३५ मिनिटांचा. म्हणजे जिंकलो असे वाटले. पण समोरून वारा असेल त्या दिवशी तोच प्रवास ४५ मिनिटांचा होई, आणि तिथे असे दिवस पुष्कळ.

२०१७ च्या सुरुवातीला उजव्या पायाचा अंगठा मुळाशी सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढले. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली फट अरुंद झालेली दिसते. तशी ती अंगठ्याच्या सांध्यात आणि वाटीच्या मागेही दिसत होती. ही झीज सायकलीनेच केली असे डॉक्टर म्हणाले नाहीत. वय, घराण्यातून आलेला वारसा, तरुणपणी खेळताना झालेली इजा, असे पुष्कळ घटक असतात. मात्र जिथे झीज होती नेमका तिथेच ही सायकल भार टाकत होती. व्यायाम बंद करू नका, असे त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे टिकेल असा व्यायाम मात्र नको. वही उघडून पाहिली तर मागच्या महिन्यातल्या बावीस फेऱ्यांपैकी सतरांचे दुखणे दुसऱ्या दिवशीही होते. त्या रात्री मी सायकल सोडायचे ठरवले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मग साधी, ताठ बसायची सायकल घेतली. १४ किलोमीटरांना ५० मिनिटे लागू लागली, म्हणजे वेग ताशी १७ किलोमीटर. एके दिवशी सहज मघाचे सूत्र पुन्हा मांडले आणि चकित झालो. ताठ बसूनही या वेगाला हवेसाठी फक्त ३५ वॅट पुरतात. आरामसायकलीवर २५ च्या वेगाला ६० लागत होते. वेगाचा घन करायचा असतो हे मला तोंडपाठ होते, आणि तरी शरीर वाकवून जे वाचवायचे ते नुसते पंधरा मिनिटे आधी निघूनही वाचते, हे आठ वर्षे सुचले नाही. मग आरामसायकलच हळू का चालवली नाही, असे तुम्ही विचाराल. हळू चालवली तरी पाय उंचच राहतात, आणि वेग कमी झाला की तिचा तोल सांभाळणे कठीण जाते. आणखी एक कारण आहे : तसली सायकल बुडाखाली असताना हळू जायचे कोणाच्याच मनात येत नाही.

सायकल मी शेजारच्या एका तरुणाला दिली. तो माझ्याहून उंच, म्हणून नळी चार सेंटिमीटर बाहेर काढावी लागली. तो तिच्यावर रोज तीस किलोमीटर जातो आणि त्याचे काहीही दुखत नाही. तेव्हा 'आरामसायकल वाईट' असा निष्कर्ष या लेखातून काढू नका. जन्मभर ती सुखाने चालवणारे लोक आहेत.

तुमच्यापैकी फार थोड्यांना आरामसायकल पाहायला मिळेल, पण शाळेच्या सायकलस्टँडवर एक फेरी मारा. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकावेत म्हणून कितीतरी जणांनी सीट अगदी खाली केलेली दिसेल. अशा सायकलीवर गुडघा कधीच पुरता उघडत नाही. माझी आखूड नळी ती हीच. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलावर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडासा बाक उरतो, तो योग्य. शिक्षकांनी वर्गातल्या सर्व सायकलींची अशी मोजणी करवून घ्यावी. कोणाची सीट किती सेंटिमीटर खाली आहे आणि कोणाचा गुडघा कुठे दुखतो, हे दोन रकान्यांत लिहावे. मग फक्त सीटची उंची बदलावी, तीही एका वेळी एखादा सेंटिमीटर, आणि महिन्याने तक्ता पुन्हा भरावा. ज्याचा गुडघा सुजला आहे, अडकतो आहे किंवा रात्री झोपेतही दुखतो, त्याला मात्र या प्रयोगात घेऊ नये; त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. वाढीच्या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, दुखरा उंचवटा येतो तोही त्यांनाच दाखवावा.